सक्तीची परदेशी नेमणूक आणि आजारपणाची नोंद

आमच्या कंपनीने आपली काही विमाने वैमानिकांसह दुसऱ्या देशातील एका विमान कंपनीला हंगामापुरती भाड्याने दिली, तेव्हा त्या विमानांबरोबर कोणी जायचे हे सुरुवातीला ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडण्यात आले होते. अर्ज मागवले गेले, मुदत वाढवली गेली, भत्त्यात थोडी भर घालण्यात आली आणि तरीही यादी निम्मीच भरली. स्वेच्छेने पुरेसे वैमानिक मिळाले नाहीत, तर ज्येष्ठता यादीच्या तळापासून वर अशा क्रमाने नेमणुका करण्याची मुभा कंपनीला देणारे करारातील एक जुने कलम मग बाहेर काढण्यात आले. मी तेव्हा सहवैमानिक होते आणि यादीत बरीच खाली होते, त्यामुळे आपला नंबर लागणार हे पत्र हाती पडण्याआधीच ठाऊक होते. पत्रात ठिकाण, रुजू होण्याची तारीख आणि कामाच्या गरजेनुसार मुदत वाढू शकेल अशी एक ओळ, एवढेच होते.

अशा व्यवहाराला आमच्या क्षेत्रात वेट लीज म्हणतात. विमान, कर्मचारी, देखभाल आणि विमा या चारही गोष्टी भाड्याने देणारी कंपनी पुरवते. इंधन, विमानतळाचे शुल्क आणि प्रवासी आणणे ही घेणाऱ्या कंपनीची बाजू असते. उड्डाणे विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीच्याच परवान्याखाली होत असल्याने आम्हाला तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाकडून आपला वैमानिक परवाना मान्य करून घ्यावा लागला नाही. नुसते विमान भाड्याने जाते त्या ड्राय लीजमध्ये परवान्यांची मान्यता हा मोठा विषय होऊन बसतो, आणि देखरेखीची जबाबदारी एका देशाने दुसऱ्याकडे सोपवावी यासाठी नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो या आंतरराष्ट्रीय करारात ‘८३ बिस’ हे कलम घालावे लागले, जे १९९७ पासून अमलात आहे. हा तपशील कोरडा वाटेल, पण पुढच्या वादाचे मूळ त्यातच आहे. कागदोपत्री आम्ही आमच्याच कंपनीत, आमच्याच नियमांखाली आणि कोणी कधी उडायचे ते ठरवणाऱ्या आमच्याच रोस्टर विभागाच्या हाताखाली होतो. राहणार मात्र होतो अशा शहरात, जिथे कंपनी म्हणजे विमानतळावरची एक खोली आणि कंत्राटावर नेमलेला एक प्रतिनिधी.

पत्राला उत्तर देण्याआधी वैमानिक संघटनेच्या सल्लागारांनी आम्हा सर्वांना एकच गोष्ट तपासायला सांगितली : नव्या ठिकाणाला कंपनी आमचा होम बेस मानते आहे की तात्पुरता मुक्काम? आमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न नुसता तांत्रिक वाटला. प्रत्यक्षात सगळा हिशोब त्यावरच ठरतो. आमची नियमावली युरोपीय नियमांच्या धर्तीवर बेतलेली होती, आणि त्या नियमांत होम बेसची व्याख्याच अशी आहे की, जिथून कर्मचाऱ्याची ड्यूटी सर्वसाधारणपणे सुरू होते आणि जिथे संपते, आणि जिथे त्याच्या राहण्याची जबाबदारी एरवी कंपनीवर नसते, ते ठिकाण. होम बेसवर दोन ड्यूट्यांच्या मध्ये किमान १२ तासांची विश्रांती मिळते. होम बेसपासून दूर असताना ती १० तासांवर येते आणि त्यात आठ तास झोपेची संधी मिळाली पाहिजे, एवढीच अट राहते. आधीची ड्यूटी याहून लांब झाली असेल, तर विश्रांतीही तेवढी लांबते. होम बेस बदलला, तर नव्या ठिकाणी काम सुरू करण्याआधी ७२ तासांची, तीन स्थानिक रात्री धरून, विश्रांती द्यावी लागते.

म्हणजे कंपनीने नव्या शहराला होम बेस म्हटले, तर आमची विश्रांती वाढणार होती पण राहण्याचा खर्च आमच्या अंगावर येणार होता; नाही म्हटले, तर हॉटेल मिळणार होते पण विश्रांती कमी होणार होती. पत्रात याचा उल्लेखच नव्हता. सोबत जोडलेल्या परिशिष्टांवरून मात्र असे दिसत होते की, पहिले काही आठवडे सोडले तर घरभाडे आम्ही भत्त्यातून भागवायचे आणि रोस्टर १० तासांच्या हिशोबाने लावले जायचे. राहण्याच्या खर्चापुरते ते शहर आमचे घर होते आणि विश्रांतीपुरते परके. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये रायनएअर ही विमान कंपनी आणि तिला कर्मचारी पुरवणारी क्रूलिंक यांच्या केबिन कर्मचाऱ्यांच्या खटल्यात होम बेसला बरेच महत्त्व दिले होते : कर्मचारी नेहमी कुठून काम करतो आणि म्हणून कोणत्या न्यायालयात दाद मागू शकतो हे ठरवताना होम बेस हा महत्त्वाचा निकष आहे, जरी तो एकमेव निकष नसला तरी, असा तो निर्णय होता. आमच्या सल्लागारांनी तो निर्णय जोडून कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले ते इतकेच की मुद्द्याची नोंद घेण्यात आली आहे.

व्यक्तिगत हरकती नोंदवण्यासाठी एक छापील अर्ज होता. त्यात वैद्यकीय कारण, कौटुंबिक कारण आणि इतर अशा तीन चौकटी होत्या. माझी सिम्युलेटरवरची नियमित तपासणी नेमणुकीच्या काळातच येत होती, हे मी ‘इतर’मध्ये लिहिले, तपासणीपुरते परत आणले जाईल, असे उत्तर आले आणि हरकत फेटाळली गेली. ज्यांच्या घरी आजारी माणसे होती अशा काहींच्या हरकती मान्य झाल्या, काहींच्या झाल्या नाहीत, आणि या दोहोंत फरक कशाने पडला हे कोणालाच नीट सांगता आले नाही. एकाची हरकत मान्य झाली की यादीत त्याच्या वरच्या माणसाचे नाव ओढले जाई, त्यामुळे सहकाऱ्याच्या अडचणीकडे सहानुभूतीने पाहणेही अवघड होऊन बसले होते. तळापासून वर जाण्याच्या पद्धतीवर माझा खरा आक्षेप हाच आहे. ती नियमाला धरून असते, पण ती वैमानिकांना एकमेकांच्या कारणांचे परीक्षक बनवते.

मग ते परिपत्रक आले, आणि नेमणुकीचा वाद बघता बघता आजारपणाच्या रजेचा वाद झाला. नेमणुकीच्या काळात आणि तिच्या अगोदरच्या पंधरवड्यात आजारपणाची नोंद करणाऱ्याला पहिल्याच दिवसापासून डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे लागेल, आणि परदेशात असताना आजारपणात गेलेले दिवस नेमणुकीच्या शेवटी जोडले जातील, अशा दोन अटी त्यात होत्या. एरवी आमच्याकडे पहिले काही दिवस वैमानिकाच्या शब्दावर चालत. दुसरी अट तर पूर्णपणे नवी होती. तिचा सरळ अर्थ असा की, सर्दीने कान बंद झाले म्हणून जो उड्डाणाला नाही म्हणेल, त्याचे घरी परतणे तेवढ्याने लांबेल.

संघटनेच्या सभेला त्या दिवशी उभे राहायला जागा नव्हती. पहिल्यांदा बोलले ते एक ज्येष्ठ कमांडर. त्यांचे म्हणणे सरळ होते : करारावर सर्वांनी सह्या केल्या आहेत, कलम जुने आहे, चांगल्या दिवसांत कोणी त्याकडे पाहिले नाही म्हणून ते रद्द होत नाही, आणि विमान जिथे जाते तिथे वैमानिकाने जायचे असते. त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. मात्र यादीत वर असल्याने हे कलम त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचणार नव्हते, हे मागच्या रांगेतून एका सहवैमानिकाने ‘सर, आपण येता का मग?’ एवढ्या एका वाक्यात सुनावले, आणि सभेचा सूर तिथेच बदलला.

त्यानंतर जी सूचना आली ती बहुतेकांच्या मनात आधीपासूनच होती. नेमणुकीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनीच सिक रिपोर्ट करायचे, म्हणजे आजारी असल्याचे कळवायचे, की कंपनीला कलमाचा फेरविचार करावा लागेल, असे एक जण म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. संघटनेच्या सचिवांनी तेव्हा दोन उदाहरणे दिली. १९९९ च्या फेब्रुवारीत अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी, रेनो एअर ही कंपनी विकत घेण्याच्या व्यवहारावरून, मोठ्या संख्येने आजारी असल्याचे कळवले आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. न्यायालयाने कामावर परतण्याचा आदेश दिला, तो पाळला गेला नाही म्हणून संघटनेला अवमानाबद्दल सुमारे साडेचार कोटी डॉलरचा दंड झाला. दुसरे उदाहरण २०१६ च्या ऑक्टोबरातले होते. पुनर्रचनेची बातमी अचानक आल्यावर टुईफ्लाय या जर्मन कंपनीत एकाच वेळी इतके कर्मचारी आजारी पडले की वेळापत्रक कोसळले. तो वाद प्रवाशांच्या भरपाईचा होता, आणि युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की, व्यवस्थापनाच्या निर्णयातून उद्भवलेली अशी सामूहिक गैरहजेरी ही असाधारण परिस्थिती ठरत नाही, त्यामुळे कंपनीची भरपाईतून सुटका नाही. ऐकणाऱ्यांनी आपापल्या सोयीचे उदाहरण उचलले, हे सांगायला नकोच.

मी त्या सूचनेच्या विरोधात बोलले. दंडाची भीती हे त्याचे मुख्य कारण नव्हते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ मध्ये परवानाधारकावर एक बंधन आहे : आपली वैद्यकीय क्षमता घटली आहे आणि त्यामुळे परवान्याचे अधिकार सुरक्षितपणे वापरता येणार नाहीत हे लक्षात आल्यावर ते अधिकार वापरायचे नाहीत. वैद्यकीय प्रमाणपत्र बहुतेकांना वर्षातून एकदा आणि साठी ओलांडलेल्यांना सहा महिन्यांनी नवे करावे लागते. त्या दोन तपासण्यांच्या मधल्या प्रत्येक सकाळी आपण उड्डाणायोग्य आहोत की नाही हे ठरवणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे स्वतः वैमानिक. म्हणून आजारी असल्याचे कळवणे ही रजेची मागणी होत नाही. ते आमच्यावरचे बंधन आहे. तेच बंधन आम्ही दबावाचे हत्यार म्हणून वापरले, तर उद्या खरोखर कान बंद झालेल्याच्या शब्दाला किंमत राहणार नाही. आणि नेमक्या याच कारणासाठी कंपनीचे परिपत्रकही मला मान्य नव्हते, कारण त्यातही तेच बंधन उलट बाजूने हत्यार म्हणून वापरले जात होते. माझ्या बोलण्याने दोन्ही बाजू नाराज झाल्या. सामूहिक आजारपणाची सूचना अखेर मताला न टाकता बाजूला ठेवण्यात आली, आणि परिपत्रकाविरुद्ध निषेधाचा ठराव करून आम्ही पांगलो.

नेमणुकीच्या ठिकाणचे काम मुख्यतः रात्रीचे होते. भाड्याने घेणाऱ्या कंपनीने दिवसाच्या फेऱ्या आपल्या वैमानिकांसाठी राखून ठेवल्या होत्या, यात नवल नाही. आमच्या नियमांनुसार, स्थानिक वेळेशी जुळवून घेतलेल्या वैमानिकाला सकाळी सहा ते दुपारी दीडच्या दरम्यान सुरू होणाऱ्या ड्यूटीत एकदोन फेऱ्यांसाठी १३ तास काम करता येते, तर संध्याकाळी पाच ते पहाटे पाचच्या दरम्यान सुरू होणाऱ्या ड्यूटीत ही मर्यादा ११ तासांवर येते, कारण पहाटे दोन ते सहा ही शरीर सर्वांत मंदावण्याची वेळ मानली जाते. या मर्यादा एकदाही ओलांडल्या गेल्या नाहीत, हे मी कंपनीच्या बाजूने नोंदवते. पण मर्यादेच्या आत राहून लावलेले रोस्टरही दमवणारे असू शकते. दोन रात्रींच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवला की तासांचा हिशोब जुळतो. शरीर मात्र त्या मोकळ्या दिवशी रात्री झोपायला शिकते आणि दुसऱ्या दिवशी ते विसरायला लावले जाते.

मला सर्दी झाली ती अशाच एका आठवड्यात. सर्दी म्हटले की जमिनीवरच्या माणसाला हसू येते, म्हणून ती विमानात काय करते हे सांगणे भाग आहे. उंचावर असताना केबिनमधला दाब समुद्रसपाटीपासून ८,००० फुटांवर असतो तितका खाली येऊ दिला जातो, आणि त्या दाबाला मधल्या कानातली हवा साधारण एक तृतीयांशाने फुगते. चढताना ती घशाकडे जाणाऱ्या युस्टेशियन नळीतून आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो आणि हवा आत घ्यावी लागते. नळीचे तोंड सुजलेले असेल तर ती आत जात नाही, पडदा आतल्या बाजूला ओढला जातो, आणि केबिनचा दाब मिनिटाला ३०० ते ५०० फुटांच्या हिशोबाने वाढत असताना तो ताण थांबवण्याचा कोणताही उपाय हाताशी नसतो. एका रात्री परतीच्या फेरीत उतरताना माझ्या डाव्या कानाला दडे बसले. नाक दाबून हवा ढकलली तरी ते सुटेनात. कंट्रोलरचा आवाज हेडसेटच्या एकाच बाजूने ऐकू येऊ लागला आणि डाव्या डोळ्यावर, भुवईच्या हाडाशी, सुई खुपसल्यासारखी कळ आली. उड्डाण कमांडर करत होते. मी संभाषण तेवढ्यापुरते त्यांच्याकडे सोपवले, चेकलिस्ट वाचली, आणि विमान उभे राहिल्यावर तांत्रिक नोंदवहीत सही करण्याआधीच त्यांना सांगितले की पुढच्या रात्री मी नाही.

सकाळी रोस्टर विभागाला फोन केला. पलीकडच्या माणसाने नम्रपणे, पण छापील प्रश्नावलीतून वाचावे तसे प्रश्न विचारले : आजाराचे स्वरूप काय, किती दिवस लागतील, प्रमाणपत्र केव्हा मिळेल, आणि आजार गंभीर नसेल तर संध्याकाळपर्यंत पुन्हा कळवता येईल का. या शेवटच्या प्रश्नाचा रोख मला कळत होता आणि त्यालाही कळत असावा. मी आजाराचे स्वरूप डॉक्टरांनाच सांगेन असे म्हटले. त्याने तसे लिहून घेतले. प्रतिनिधीने ज्या दवाखान्यात नेले तिथल्या डॉक्टरांनी कानात पाहून पडदा लाल आणि आत ओढलेला असल्याचे सांगितले आणि औषधे लिहून दिली, पण त्यांनी वैमानिक कधी तपासला नव्हता. ‘दोन दिवसांत कामावर जाता येईल,’ असे त्यांनी प्रमाणपत्रावर लिहिले, कारण कार्यालयात बसणाऱ्या माणसाला ते खरेच जाता आले असते.

औषधांत नाक मोकळे करणारे एक आणि ॲलर्जीवरचे जुन्या पद्धतीचे, झोप आणणारे एक होते. जुन्या अँटीहिस्टामिनांवर असताना विमान चालवता येत नाही, हे वैमानिकाला शिकवावे लागत नाही. पण ती थांबवल्यानंतर किती वेळ जाऊ द्यायचा हे आपल्या विमानवैद्यकीय परीक्षकाला विचारूनच ठरवावे लागते. मी माझ्या परीक्षकांना औषधांतील घटकांची नावे पाठवली. त्यांनी एक बदलायला सांगितले आणि कानाची दाबचाचणी सामान्य येईपर्यंत उड्डाण करू नये असे लेखी कळवले. आता माझ्याकडे दोन कागद होते, एकात दोन दिवस आणि दुसऱ्यात ‘चाचणी सामान्य येईपर्यंत’. रोस्टर विभागाने पहिला ग्राह्य धरला.

मग कंपनीकडून निरोप आला की आजारी वैमानिकाला तिथे ठेवून उपयोग नाही, रात्रीच्या विमानाने प्रवासी म्हणून परत या. बंद कानाने प्रवासी म्हणून उतरणे आणि वैमानिक म्हणून उतरणे यांत पडद्याच्या दृष्टीने काहीही फरक नसतो, हे मला लेखी समजावून सांगावे लागले. घरापासून दूर आजारी पडलेल्या वैमानिकाची अडचण हीच आहे. तो विमान चालवू शकत नाही आणि ज्या एका साधनाने घरी जायचे ते साधनही त्याला बंद असते. सागरी खलाशांसाठी २००६ च्या सागरी कामगार करारात मायदेशी परत आणण्याची तरतूद आणि आजारपणातील जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे. हवाई कर्मचाऱ्यांसाठी तसा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार नाही, जे आहे ते प्रत्येकाच्या सेवाकरारात. आमच्या करारात ते नव्हते. मी भाड्याच्या खोलीत वाफ घेत राहिले आणि त्या खोलीचे भाडे भत्त्यातून जात राहिले, जो भत्ता आजारपणाच्या दिवसांसाठी कापला जाणार होता.

त्या दिवसांत मला कोल्गन एअरच्या अपघाताचा अहवाल आठवत होता. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतल्या बफेलोजवळ ते विमान कोसळले आणि जमिनीवरील एकासह ५० जणांचा मृत्यू झाला. अपघाताचे मुख्य कारण स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याच्या, इशाऱ्याला कमांडरने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे होते. सहवैमानिकाची सर्दी हे कारण नव्हते, तसा दावा कोणी करू नये. पण कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात ती सहवैमानिक शिंकताना ऐकू येते, घरी असते तर अशा अवस्थेत आलेच नसते असे म्हणते, आणि आता आजारी असल्याचे कळवले तर बरे वाटेपर्यंत स्वतःच्या खर्चाने हॉटेलात राहावे लागेल असेही म्हणते. या अपघातानंतर अमेरिकेत ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम झाले, जे २०१४ च्या जानेवारीत अमलात आले, आणि त्यांत प्रत्येक फेरीआधी वैमानिकाने आपण उड्डाणायोग्य असल्याचे स्पष्टपणे नोंदवण्याची अट आली. ती अट चांगली आहे. पण हॉटेलचा खर्च कोणाचा, हा त्या सहवैमानिकाच्या तोंडचा प्रश्न ती सोडवत नाही.

कान बरा झाला, दाबचाचणी सामान्य आली, मी पुन्हा उड्डाणे केली आणि परतीची तारीख आली तेव्हा आजारपणाचे दिवस तिच्यात जोडलेले आढळले. परत आल्यावर चौकशीचे बोलावणे आले. चौकशी हा शब्द त्यांनी वापरला नाही, ‘उपस्थितीबाबत चर्चा’ असे त्याचे नाव होते, आणि माझ्यासोबत संघटनेचे प्रतिनिधी होते. व्यवस्थापकांचा मुख्य मुद्दा असा की, सक्तीने गेलेल्यांत आजारपणाच्या नोंदी स्वेच्छेने गेलेल्यांपेक्षा जास्त दिसतात, म्हणजे त्यातल्या काही तरी खोट्या असणार. आमच्या प्रतिनिधींनी विचारले की सक्तीने गेलेले सगळे कनिष्ठ आहेत, कनिष्ठांना रात्रीच्या फेऱ्या जास्त मिळतात, स्वेच्छेने गेलेल्यांनी आपल्या सोयीने फेऱ्या निवडल्या. मग या फरकाचा हिशोब त्या आकड्यात घेतला आहे का? घेतलेला नव्हता. काही नोंदी खोट्या असतीलही, हे मी तिथेही नाकारले नाही. पण कोणती खोटी हे ठरवण्याचे काम, ज्याला रात्री साडेबारापर्यंत रिकामी खुर्ची भरायची आहे त्या माणसाकडे असू नये, एवढेच माझे म्हणणे होते.

त्यांनी जर्मनविंग्जचा दाखला दिला. २४ मार्च २०१५ रोजी सहवैमानिकाने विमान मुद्दाम डोंगरावर आपटले, १५० जण मृत्युमुखी पडले, आणि कामासाठी अयोग्य ठरवणारी प्रमाणपत्रे त्याने कंपनीपासून लपवली होती. म्हणून वैमानिकाच्या आजाराविषयी कंपनीला जास्त माहिती हवी, असा त्यांचा तर्क होता. तो दाखला गंभीर आहे आणि त्याला उडवून लावणे शक्य नव्हते. मात्र फ्रेंच तपास संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या अहवालात, परवाना आणि उत्पन्न जाण्याच्या भीतीमुळे वैमानिक आजार सांगत नाहीत, हाही धोका मांडलेला आहे, आणि परवाना गेल्यास होणाऱ्या आर्थिक नुकसानीपासून संरक्षण आणि सहकारी वैमानिकांकडून मिळणारी गोपनीय मदत यांची शिफारस केलेली आहे. युरोपात अशी मदतयंत्रणा पुढे बंधनकारक झाली. ज्याने लपवले त्याच्या उदाहरणावरून, जो सांगतो त्याला महाग पडेल असा नियम करणे म्हणजे आजार झालाय पायाला आणि पट्टी बांधली हाताला, असे आमचे प्रतिनिधी म्हणाले, आणि बैठकीत पहिल्यांदाच कोणी तरी हसले.

माझ्या नोंदीवर कारवाई झाली नाही. त्या बैठकीतून व्यवस्थापन आणि संघटना यांचा एक संयुक्त गट स्थापन झाला आणि मला त्यावर घेण्यात आले. तिथला अनुभव परदेशातल्यापेक्षा कमी थकवणारा नव्हता. प्रत्येक वाक्यावर वकील बसलेले. अखेर आजारपणाचे दिवस नेमणुकीला जोडण्याची अट रद्द झाली; ती सुरक्षेच्या विरोधात जाते, हे कंपनीच्याच सुरक्षा विभागाने लेखी दिल्यावर त्यावर कोणी फार ताणले नाही. आजारपणाची नोंद आता वैद्यकीय कक्षाकडे जाते आणि रोस्टर विभागाला संगणकाच्या पडद्यावर फक्त ‘उपलब्ध नाही’ एवढेच दिसते. उड्डाणायोग्यतेबाबत स्थानिक डॉक्टर आणि विमानवैद्यकीय परीक्षक यांची मते वेगळी असली, तर परीक्षकाचे मत ग्राह्य धरायचे, हेही लिहिले गेले. परदेशात अडकलेल्या आजारी वैमानिकाच्या राहण्याचा खर्च कंपनीने उचलायचा आणि त्याचा भत्ता कापायचा नाही, हे कलम मात्र शेवटच्या बैठकीपर्यंत लोंबकळत होते, आणि आले तेही ‘वैद्यकीय कारणाने प्रवास अशक्य असल्यास’ या अटीसह. प्रवास अशक्य आहे हे कोणी ठरवायचे, यावर पुन्हा एक उपकलम.

पहिल्या दिवसाच्या प्रमाणपत्राची अट पूर्ण गेली नाही. सामूहिक आजारपणाची सूचना सभेत उघडपणे मांडली गेली होती आणि ती कंपनीच्या कानावर गेली होती. चर्चेत प्रत्येक वेळी तिचा उल्लेख निघे, आणि आमच्याकडे त्याला उत्तर नव्हते. तडजोड अशी झाली की नेमणुकीआधीच्या पंधरवड्यात ती अट राहील, नेमणुकीच्या काळात राहणार नाही.

होम बेसचा प्रश्न गटाच्या कक्षेबाहेरचा असल्याचे सांगून पुढच्या करारावर ढकलण्यात आला आहे. कंपनीची सध्याची भूमिका अशी की ठरावीक मुदतीपेक्षा लांबलेली प्रत्येक नेमणूक ही होम बेसमधला बदल मानावी. संघटनेचे म्हणणे असे की जिथे वैमानिक स्वतःच्या इच्छेने गेलेला नाही, त्या ठिकाणाला त्याच्या लेखी संमतीशिवाय होम बेस म्हणता येणार नाही, मुदत कितीही असो. पहिली भूमिका मान्य झाली, तर विश्रांतीचे दोन तास वाढतील आणि आजारपणात हॉटेल देण्याचे जे कलम आम्ही इतके भांडून मिळवले ते निरुपयोगी ठरेल, कारण स्वतःच्या होम बेसवर आजारी पडलेल्या माणसाला कंपनी हॉटेल देत नाही. वाटाघाटींच्या पहिल्या फेरीत दोन्ही मसुदे मांडले गेले आहेत. तळापासून वर जाण्याच्या क्रमाऐवजी सर्वांना पाळीपाळीने पाठवावे, ही माझी सूचना संघटनेच्या मसुद्यात घेतली गेली नाही, कारण ज्येष्ठांच्या मतांशिवाय तो मसुदा संमतच झाला नसता.